किलोच्या भावात सीआरओ

नागपुरात सीआरओचा भाव किलोवर ठरतो. दुकानातल्या नव्याचा नव्हे. कॉलेजच्या लॅबमधून 'निर्लेखित' होऊन कबाड्याच्या काट्यावर चढलेल्या जुन्याचा. पत्र्याचा एक भाव, अ‍ॅल्युमिनियमचा त्याहून बरा, ट्रान्सफॉर्मर फोडून निघणाऱ्या तांब्याचा सगळ्यात चढा. आतलं सर्किट फुकट. आणि पिक्चर ट्यूबचा भाव तर उणेच म्हणायचा, कारण ती फोडून काच कुठेतरी टाकून यायची मजुरी पडते.

जे इंजिनिअरिंगच्या वाटेला गेले नाहीत त्यांच्यासाठी: सीआरओ म्हणजे कॅथोड रे ऑसिलोस्कोप. तारेतला विजेचा दाब क्षणाक्षणाला कसा वर-खाली होतो ते हिरव्या रेषेनं काढून दाखवणारा डबा. डॉक्टरांकडे ईसीजी असतो तसा हा सर्किटचा. आपण सॉफ्टवेअरवाले काही बिघडलं की आधी लॉग उघडतो ना, हार्डवेअरवाल्यांचा लॉग म्हणजे हा.

मी आठवडाभर मिहानमध्ये कोड लिहितो आणि वीकांताला असले डबे दुरुस्त करतो. घरात सध्या इंदूरच्या सायंटिफिकचा एक सीआरओ आहे, ठाण्याच्या एप्लॅबचा फंक्शन जनरेटर आहे, नाशिकच्या मोटवानींचा काट्याचा मल्टिमीटर आहे. (मोटवानी म्हणजे तेच, शिकागो रेडिओवाले. काँग्रेसच्या सभांना लाउडस्पीकर पुरवणारे. १९४२ च्या काँग्रेस रेडिओ प्रकरणात नानिक मोटवानींना अटकही झाली होती. असो.) आई या सगळ्याला 'डबडी' म्हणते, मित्र 'छंद' म्हणतात. दोघांशीही माझं भांडण नाही. भांडण आहे ते हे डबे काट्यावर चढवणाऱ्यांशी. आणि हे वाचता वाचता "अरे पण नवा डिजिटल स्कोप पंचवीस-तीस हजारांत येतो की" असं म्हणायला जे सरसावून बसलेत त्यांच्याशी.

मंडळी, येतो. मान्य. माझ्याकडेही एक आहे. मोजायला तोच वापरतो. पण मुद्दा मोजण्याचा नाहीच. मुद्दा असा की जुनं उपकरण ज्या दिवशी बंद पडतं त्या दिवसापासून ते विद्यार्थ्याच्या दृष्टीनं चालू उपकरणापेक्षा जास्त कामाचं असतं. आणि आपली कॉलेजं नेमकी त्याच दिवसापासून ते विकायच्या मागे लागतात.

ही विकायची पद्धत बघण्यासारखी आहे. कॉलेजात प्रत्येक उपकरणाची नोंद एका रजिस्टरात असते. इंग्रजीत त्याला डेड स्टॉक रजिस्टर म्हणतात, सरकारी मराठीत जडवस्तू संग्रह नोंदवही. उपकरणाच्या कुशीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर घातलेला असतो. एकदा तो नंबर पडला की त्या डब्याला हात लावायचा अधिकार कुणालाच नसतो. विद्यार्थ्यानं उघडला तर 'तोडफोड', लॅब असिस्टंटनं उघडला तर 'जबाबदारी कोणाची?'. बंद पडला की कपाटावर जातो. कपाट भरलं की पत्र्याच्या शेडमध्ये. मग कधीतरी कुठलीशी कमिटी येणार असते, लॅब नवी दिसायला पाहिजे असते, तेव्हा निर्लेखन समिती बसते, तीन कोटेशनं येतात आणि टेम्पो लागतो. माझ्या कॉलेजात (नाव सांगत नाही, नागपुरातलंच) मी शेवटच्या वर्षाला असताना असा टेम्पो भरताना बघितलाय. आम्ही पोरं पायऱ्यांवर चहा पीत होतो. आमच्यातल्या एकानंही चार वर्षांत त्यातल्या एकाही डब्याचं झाकण उघडलेलं नव्हतं. पदवीवर मात्र 'इलेक्ट्रॉनिक्स' असं ठळक छापून आलं.

आमचं प्रॅक्टिकल म्हणजे काय होतं हे तुम्हालाही माहीत असेल. एका टेबलावर आठ जण, सर्किट आधीच जोडलेलं, दोघं जण नॉब फिरवणार, बाकीचे सीनिअरच्या फाईलमधून रीडिंग टाकणार. फुल वेव्ह रेक्टिफायरचा रिपल मी जर्नलमध्ये पेन्सिलीनं, पट्टी लावून इतका सुबक काढलाय की विचारू नका. व्हायवात फॉर्म्युलाही सांगितला. तो रिपल प्रत्यक्षात काय उपद्रव करतो हे मला नोकरी लागल्यावर एका भंगारातल्या सीआरओनं शिकवलं.

तो सीआरओ म्हणजे वर म्हटलेला, सायंटिफिकचा एचएम २०३. मूळ डिझाइन जर्मनीतल्या हॅमेग कंपनीचं. दोन चॅनल, २० मेगाहर्ट्‌झ. एके काळी आपल्याकडच्या लॅबमध्ये हा नेहमी दिसायचा. कबाड्यानं तो मला "चालू है की नहीं अपन को नहीं मालूम" एवढ्या गॅरंटीवर दिला. कुशीवर कुठल्याशा कॉलेजचा पांढरा नंबर तसाच. घरी आणला तेव्हा गल्लीतले टीव्ही मेकॅनिक काका बघायला आले. त्यांनी आधी डब्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. "कायले आनलं बे हे?" पण लगेच घरी जाऊन आपला सिरीज बोर्ड घेऊन आले. सिरीज बोर्ड म्हणजे मेन्सच्या वाटेत एक साधा गोळा बल्ब. डब्यात शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि डबा वाचतो. नसेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. आमचा मंद झाला. काका म्हणाले, "जिवंत हाय."

ट्रेस आली, पण सरळ रेषेऐवजी समुद्रासारखी लाटांची. इनपुटला काहीही जोडलेलं नव्हतं. माझा मावसभाऊ, थर्ड इयर इलेक्ट्रॉनिक्स, शेजारी उभा होता. त्याला म्हटलं, ट्रिगर लाइनवर टाक, टाइमबेस २ मिलिसेकंदावर कर आणि लाट किती चौकोनांनी परत येते ते मोज. त्यानं मोजले. पाच. पाच गुणिले दोन, १० मिलिसेकंद. म्हणजे १०० हर्ट्‌झ. आपल्या घरची वीज ५० हर्ट्‌झ. मग १०० कुठून आले? तो दोन मिनिटं गप्प. आणि मग एकदम, "दादा, फुल वेव्ह! फिल्टरचा कॅपॅसिटर गेलाय!"

लक्षात घ्या काय झालं. आजारी सीआरओनं स्वतःच्याच पडद्यावर स्वतःचा आजार काढून दाखवला. लाट दहा चौकोनांनी आली असती तर ५० हर्ट्‌झ, आणि मग संशयित वेगळे: ब्रिजमधला एखादा उडालेला डायोड, नाहीतर ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राचा ट्यूबवर होणारा परिणाम. कुठलाही सिम्युलेटर हे करत नाही. सिम्युलेटरमधला कॅपॅसिटर कधी सुकत नाही. एलटीस्पाइस मलाही आवडतं, रोज वापरावं असं आहे, पण त्यात बिघाड तुम्ही स्वतः टाकावा लागतो. म्हणजे उत्तर आधीच माहीत असतं. खऱ्या डब्यात बिघाड काळानं टाकलेला असतो आणि काळ पेपर फोडत नाही.

कॅपॅसिटर बर्डीवर मिळाला. नेहमीचाच माल, शंभराच्या आत. सुकण्याचं कारणही आपल्या गावचंच. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरच्या पोटात ओलसर द्रव असतो, आणि ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. आता मे महिन्यात नागपुरातली पत्र्याची शेड डोळ्यांपुढे आणा. बाहेर ४५, आत किती ते विचारायलाच नको. तिथं दहा उन्हाळे काढलेल्या उपकरणाचा कॅपॅसिटर सुकला तर नवल काय. त्याउलट मुंबईकडची उपकरणं आली की त्यांचे खटके आणि नॉब काळे पडलेले असतात, दमट हवेनं. आपल्याकडचे खटके आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसले की सहसा चालायला लागतात. एक सूचना मात्र. दुरुस्तीचं टेबल कूलरच्या झोतात ठेवू नका. जुन्या आयात उपकरणांत मेन्सच्या तोंडाशी रिफा नावाचे पिवळट पारदर्शक कागदी कॅपॅसिटर असतात, त्यांना तडे जातात, तड्यांतून ओल आत शिरते, आणि मग एके दिवशी बटण दाबताच असा काही धूर निघतो की शेजारी फायर ब्रिगेडला फोन लावतील. ते दिसले की चालू करण्याआधीच बदलायचे.

बरं, जुनंच का? नवं बिघडलेलं का नाही चालणार? त्याचं उत्तर मॅन्युअलमध्ये आहे. जुन्या टेक्ट्रॉनिक्स किंवा ह्युलेट-पॅकार्डच्या उपकरणाबरोबर सर्व्हिस मॅन्युअल यायचं. त्यात संपूर्ण सर्किट, कुठल्या बिंदूवर किती व्होल्ट असायला हवेत, तिथं लाट कशी दिसायला हवी, आणि 'थिअरी ऑफ ऑपरेशन' नावाचं प्रकरण, ज्यात प्रत्येक ट्रान्झिस्टर तिथं का आहे ते समजावलेलं. हॅमेगच्या मॅन्युअलमध्येही सर्किट दिलेलं असतं. ही मॅन्युअलं आज जालावर फुकट मिळतात. त्यातली काही प्रकरणं मी आमच्या अभ्यासक्रमातल्या दोन पुस्तकांच्या बदल्यात आनंदानं घेईन. आजचा स्वस्त डिजिटल स्कोप उघडलात तर आत एक एफपीजीए, एक प्रोसेसर, थोडी मेमरी, आणि सर्किट कंपनीच्या तिजोरीत. तो उत्तम मोजतो, पण स्वतःबद्दल चकार शब्द बोलत नाही.

जुन्या उपकरणात काय काय सापडतं याचं माझं आवडतं उदाहरण १९३९ सालचं. ह्युलेट-पॅकार्डचं पहिलं उत्पादन, २००ए नावाचा ऑडिओ ऑसिलेटर. त्याचं मूळ बिल ह्युलेटच्या स्टॅनफर्डमधल्या प्रबंधात. किंमत ५४.४० डॉलर. त्याचाच भाऊ २००बी, डिस्नेनं 'फँटेशिया'च्या ध्वनियंत्रणेसाठी आठ नग घेतले. अडचण अशी होती की ऑसिलेटरचा आवाज एकतर वाढत वाढत फाटतो, नाहीतर कमी होत होत मरतो. तो मधे स्थिर कसा ठेवायचा? ह्युलेटनं फीडबॅकच्या वाटेत एक साधा बल्ब टाकला. सिग्नल वाढला की तार तापते, तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, रेझिस्टन्स वाढला की अ‍ॅम्प्लिफायरचा जोर कमी होतो. सिग्नल पडला की उलट. बस्. एका बल्बात संपूर्ण ऑटोमॅटिक कंट्रोल! आणि काकांच्या सिरीज बोर्डातही तेच भौतिकशास्त्र, थंड तारेचा रेझिस्टन्स कमी आणि तापलेल्या तारेचा जास्त. काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मंग, आमी का येडे हाओ का?" :-)

हा विचार काही माझ्या डोक्यातून निघालेला नाही. लिनिअर टेक्नॉलॉजीचा जिम विल्यम्स (२०११ मध्ये गेला) हा अ‍ॅनालॉग सर्किटवाल्यांचा देव. त्याच्याकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती, एमआयटीत तो प्रयोगशाळेत काम करत शिकला. त्यानं बिघडलेली उपकरणं दुरुस्त करण्याच्या महत्त्वावर 'द इम्पॉर्टन्स ऑफ फिक्सिंग' नावाचा स्वतंत्र निबंधच लिहून ठेवलाय. त्याचं पसाऱ्यानं भरलेलं टेबल पुढे कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमनं जसंच्या तसं लोकांना बघायला ठेवलं. आपल्याकडे ते टेबल असतं तर कमिटी यायच्या आदल्या रात्री शिपायाला सांगून साफ करून घेतलं असतं.

आता आक्षेप घेऊ. पहिला, कॅलिब्रेशन. जुन्या उपकरणाच्या रीडिंगवर विश्वास कसा ठेवायचा? कारखान्यात, दवाखान्यात, संरक्षण उत्पादनात ठेवूच नका. तिथं प्रमाणपत्र असलेलंच उपकरण हवं. पण सेकंड इयरच्या पोराला ३ टक्के चुकीनं काय फरक पडतो? उलट, हे उपकरण खोटं बोलत असेल तर किती, हा प्रश्न त्याला आयुष्यात पहिल्यांदा पडला तर माझ्या मते तीच मोठी कमाई. आपल्या हापिसात डॅशबोर्डवरचा आकडा वेदवाक्य मानणारे कमी का आहेत?

दुसरा आक्षेप खरा आहे: धोका. एचएम २०३ च्या ट्यूबला साधारण २००० व्होल्ट लागतात. कॅपॅसिटर बंद केल्यावरही चार्ज धरून बसतात. तेव्हा एकट्यानं करायचं नाही, एक हात खिशात, आधी डिस्चार्ज, मग हात. आणि आपल्याकडे मापात अडचण आली की सीआरओच्या प्लगमधली अर्थची पिन काढून टाकायची जी अघोरी रीत आहे ती पहिल्या दिवशी बंद. डब्याचं अंग मग कुठल्याही व्होल्टवर जाऊ शकतं. पण धोका आहे म्हणून शिकवायचंच नाही, हा न्याय केमिस्ट्रीच्या लॅबला आपण लावत नाही. मेकॅनिकलच्या वर्कशॉपलाही लावत नाही, तिथं पहिल्या वर्षाच्या पोरांच्या हाती लेथ देतो.

तिसरा आक्षेप 'नियमात बसत नाही'. मी नियम वाचले. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२. लागू १ एप्रिल २०२३ पासून. यादीत प्रयोगशाळेची उपकरणंही आहेत. वर्षात कधीही किमान १००० नग विद्युत-इलेक्ट्रॉनिक वस्तू वापरणारी संस्था मोठी ग्राहक ठरते, आणि तिनं आपला ई-कचरा नोंदणी असलेल्या उत्पादकाकडे, रिफर्बिशरकडे किंवा रिसायकलरकडेच द्यायचा असतो. एखाद्या मोठ्या कॉलेजात संगणक, पंखे, एसी, प्रिंटर मोजायला घ्या, हजार कधी होतील कळणारही नाही. म्हणजे तीन कोटेशनवाला टेम्पोच नियमात बसत नाही! आणि कचरा कशाला म्हणायचं? तर टाकून दिलेल्याला. लॅबच्या टेबलावर, रजिस्टरात नाव असलेलं, दुरुस्ती चालू असलेलं उपकरण कचरा नव्हेच. तेव्हा निर्लेखनाच्या आधी सहा महिने ते विद्यार्थ्यांना द्यायला कायदा कुठं आडवा येतो ते मला कुणीतरी दाखवावं.

आता जरा आपल्या गोटातल्यांकडे. जुन्या उपकरणांची 'आवड' असणाऱ्या काही लोकांपेक्षा कबाडी परवडला. एक जमात निक्सीवाली. काचेच्या नळीत केशरी आकडे पेटतात ते निक्सी. १९५५ च्या सुमाराला आलेला प्रकार, जुन्या काउंटर आणि व्होल्टमीटरमध्ये असतो. ही मंडळी चालू काउंटर विकत घेऊन त्याच्या नळ्या उपटतात, शिसवी फळीवर घड्याळ बनवतात आणि इन्स्टावर टाकतात. वेळ दाखवायला पाचशे रुपयांचं घड्याळ मिळतं हो. दुसरी जमात ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरवाल्यांची, ती जुन्या टेक्ट्रॉनिक्समधून व्हॉल्व्ह काढून नेते. आणि तिसरी, सगळ्यात सभ्य, शोकेसवाली. डबा चकचकीत पुसून काचेत ठेवतात, प्लग कधी लावत नाहीत. आपल्या मोतीबागच्या नॅरोगेज म्युझियममध्ये मी लहानपणी फार रमायचो, आजही जातो. पण चौथऱ्यावरचं इंजिन आणि नागभीडकडे धूर सोडत निघालेलं इंजिन यांतला फरक सांगायला रेल्वेवाला कशाला पाहिजे? नागपूर-नागभीडची छोटी गाडी २०१९ मध्ये बंद झाली, तिथं निदान ब्रॉडगेजचं कारण होतं. तुमच्या शोकेसमधल्या सीआरओला काय कारण आहे? ओरेगॉनमध्ये टेक्ट्रॉनिक्सच्या जुन्या कर्मचाऱ्यांनी व्हिंटेजटेक नावाचं म्युझियम चालवलंय, तिथं उपकरणं दुरुस्त करून चालू ठेवतात.

आणि शिकवणार कोण, हा प्रश्न राहिलाच. प्राध्यापकांना वेळ नाही, ते नॅकच्या फाइली भरतायत, त्यांची दया येते. ज्यांना येत होतं ते लॅब असिस्टंट निवृत्त झाले. कुठला नॉब कुठे चिकटतो हे त्यांच्या बोटांत होतं, रजिस्टरात नव्हतं. पण आमच्या गल्लीतले काका आहेत, आणि असे काका नागपूरच्या प्रत्येक जुन्या मोहल्ल्यात आहेत. आता टीव्ही कुणी दुरुस्त करत नाही, पॅनेल बदलतात, त्यामुळे ते बसून आहेत. त्यांना आठवड्यातून दोन दुपारी मानधन देऊन बोलवा. पदवी नसलेला माणूस बी. टेक.ला कसा शिकवणार म्हणाल, तर वरचा विल्यम्स परत वाचा.

गेल्या महिन्यात मी माझ्या कॉलेजला रीतसर अर्ज दिला. मागणी एवढीच: यंदाच्या निर्लेखनाच्या यादीतली इलेक्ट्रॉनिक्सची उपकरणं एक सेमिस्टर थांबवा. थर्ड इयरच्या चार-चार जणांच्या गटाला एक डबा आणि त्याचं मॅन्युअल द्या, मार्क दुरुस्तीला नाही तर बिघाडाच्या अहवालाला द्या. चालू झालं तर लॅबमध्ये राहील. नाही झालं तर उपयोगी भाग लेबल लावून ठेवा आणि उरलेलं, ट्यूब न फोडता, नोंदणीकृत रिसायकलरला द्या. सुट्या भागांचा खर्च आम्ही चार माजी विद्यार्थी करतो. शनिवारी येऊन उभंही राहतो.

एचओडी सरांनी अर्ज नीट वाचला. सर सज्जन आहेत. म्हणाले, "कल्पना चांगली आहे रे, पण त्यावर डेड स्टॉकचे नंबर आहेत. वर विचारून सांगतो." यादी स्टोअरमध्ये पोचली आहे. कोटेशनं दिवाळीनंतर उघडणार आहेत.